महारांची फौजेतली भरती : १८९२ च्या आसपास बंद झालेला दरवाजा आणि त्यामागचा इतिहास

दरवर्षी १ जानेवारी आली की कंपनीची फौज आणि पेशव्यांची फौज यांच्यात झालेल्या भीमा कोरेगावच्या लढाईवर भरपूर लिहिलं जातं, आणि लिहिलं जावंच. पण मला नेहमी वाटतं की १८१८ च्या त्या एका दिवसापेक्षा त्याच्या आगेमागे जे शंभरेक वर्षं चाललं, म्हणजे पिढ्यान् पिढ्या फौजेत नोकरी, पगार, छावणीतली शाळा, पेन्शन आणि मग एके दिवशी हे सगळं बंद, त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. लढाईने एका समाजाचं काय होतं हे बघायचं असेल तर मेलेल्यांचे आकडे पुरत नाहीत, वाचून घरी आलेल्या माणसांच्या घरात काय बदललं तेही बघावं लागतं.

तर सुरुवातीपासून. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत अठराव्या शतकापासूनच महार शिपाई होते, इंग्रजी कागदपत्रांत त्यांचा उल्लेख बऱ्याचदा ‘परवारी’ असा येतो. कोरेगावच्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची जी नावं कोरलीयत त्यात शेवटी ‘नाक’ असलेली नावं ठळक दिसतात, ते महार शिपाई. पेशवाईत गावात ज्यांना गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून फिरावं लागायचं असं सांगितलं जातं, त्याच समाजातला माणूस इथे गणवेश घालून बंदूक घेऊन उभा राहत होता, आणि नोकरी टिकली तर नाईक, हवालदार, जमादार करत करत सुभेदारापर्यंत चढत होता. सुभेदार झाला की हाताखालच्या सगळ्या जातींच्या शिपायांनी त्याला सलाम करायचा. गावात जे स्वप्नात येणार नाही ते पलटणीत रोज सकाळी परेडला घडत होतं.

काही लोक म्हणतात की हे तर इंग्रजांचे चाकर होते, यात अभिमान कसला. पण त्या फौजेत मराठे होते, राजपूत होते, ब्राह्मण होते, मुसलमान होते, सगळेच होते, मग हा प्रश्न एकाच समाजाला का विचारायचा हे मला कधी कळलेलं नाही.

खरी गंमत शाळेत आहे. मुंबई फौजेच्या पलटणींत शिपायांच्या मुलांसाठी शाळा होत्या, आणि बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की फौजेतल्या लोकांच्या मुलामुलींना शिकणं सक्तीचं होतं. मुलींनासुद्धा! गावातल्या शाळेच्या ओट्यावरही ज्यांना चढू देत नव्हते त्यांच्या पोरी छावणीत लिहायवाचायला शिकत होत्या. बाबासाहेबांचंच घर घ्या. मूळ गाव मंडणगडजवळचं आंबडवे, आजोबा मालोजी सकपाळ फौजेत, वडील रामजी फौजेत, आई भीमाबाईंच्या माहेरचे मुरबाडकर तेही फौजेत सुभेदार. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत, शिकून शिक्षक झाले आणि पुढे लष्करी शाळेत १४ वर्षं हेडमास्तर होते. १८९१ ला भीमराव जन्मले ते महूच्या छावणीत. घरात अभंग, दोहे, इंग्रजी, गणित हे सगळं होतं कारण फौजेने आधी दोन पिढ्या ती सवय लावली होती.

आणि नेमकं याच काळात वरून चक्रं फिरत होती. १८५७ नंतर इंग्रजांनी फौजेची फेरमांडणी केली, मग १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदला मुंबई फौजेच्या तुकड्यांचा पराभव झाला, आणि लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना (१८८५ ते १८९३) ‘लढवय्या जाती’ नावाची थिअरी जोरात आली. म्हणजे पंजाबी, पठाण, गुरखे हे जन्माने शूर आणि बाकीचे नाहीत. जातवार कंपन्या करायच्या ठरल्या, आणि त्या मांडणीत महारांना जागाच उरली नाही कारण बाकीच्या जातींचे लोक त्यांच्यासोबत राहायला नाखूश. १८९२-९३ च्या सुमाराला भरती बंद. शंभर वर्षं ज्यांनी रक्त सांडलं त्यांना एका कागदाने लढायला नालायक ठरवून टाकलं, आणि हे वाचताना आजही माझं रक्त तापतं.

याचा परिणाम कोकणात सगळ्यात जास्त बसला. दापोली, महाड, दासगाव या पट्ट्यात महार पेन्शनरांची वस्तीच होती. यांच्याकडे दरमहा येणारी रोख पेन्शन होती, थोडं इंग्रजी होतं, अर्ज कसा लिहायचा, साहेबाशी कसं बोलायचं हे ठाऊक होतं, आणि मुख्य म्हणजे आयुष्यभर सलाम घेतलेली माणसं होती ती. गावात परतल्यावर त्यांनी परत महारकीच्या, म्हणजे वतनी गावकामाच्या, कामाला लागावं, वाकून चालावं ही अपेक्षा त्यांना झेपणारी नव्हतीच. म्हणून आपल्याकडे अस्पृश्यांच्या हक्कांची पहिली संघटित भाषा या पेन्शनरांच्या तोंडून आली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, १८८६ ला फौजेतून निवृत्त झाले, दापोलीत राहिले, ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रात लिहायला लागले, अनार्य दोष परिहारक मंडळी ही संघटना काढली आणि भरती परत सुरू करा म्हणून अर्ज तयार केला. रामजींनीही या बंदीविरुद्ध अर्जासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली असं चरित्रकार सांगतात. पुण्यात शिवराम जानबा कांबळे, हे स्वतः शिपाई नव्हते पण त्यांनी हाच धागा पुढे नेला, ‘सोमवंशीय मित्र’ हे नियतकालिक चालवलं आणि १९१० ला थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला की आमच्या लोकांना फौजेत आणि पोलिसात घ्या.

छावणीत वाढलेली मुलं बाहेर पडली की काय व्हायचं याचं एक चित्र बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. १९०१ ची गोष्ट. रामजी तेव्हा खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर कॅशियर होते, मुलं साताऱ्याहून त्यांना भेटायला निघाली. अंगात विलायती पद्धतीचे नवे शर्ट, डोक्यावर जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे बूट. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणीच नाही, वडिलांना पत्र पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तरने विचारपूस केली, कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणाची पोरं वाटली. जात कळल्याबरोबर तो मागे सरकला. गाडीवाले बसवून घेईनात, शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, गाडीवाला खाली चालणार. रात्रभर पाण्याविना उपाशी. वडिलांच्या पगारावर आलेले कपडे अंगावर, आणि त्या कपड्यांना मसूरच्या फलाटाबाहेर काडीची किंमत नाही.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा मात्र ‘लढवय्या’ वगैरे सगळं बाजूला राहिलं आणि १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली. युद्ध संपलं, खर्चात कपात आली, १९२१ ला पलटण मोडली. गरज होती तेव्हा शूर, गरज संपली की घरी जा.

पण आता माणसं गप्प बसणारी नव्हती. मार्च १९२७ ला महाडची परिषद झाली ती याच पेन्शनरांच्या पट्ट्यात, आणि चवदार तळ्याला निघण्याआधीच्या भाषणात बाबासाहेबांनी या भागातल्या महारांची एकेकाळची भरभराट आणि लष्करबंदीने झालेलं नुकसान हे आवर्जून मांडलं. त्याच वर्षी १ जानेवारीला ते कोरेगावच्या स्तंभापाशी जाऊन आले होते. हे दोन दिवस एकाच सूत्रातले आहेत, ते वेगवेगळे वाचले की अर्धा अर्थ निसटतो.

मग दुसरं महायुद्ध. १९४१ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर गेले, तिथे भरतीचा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. पहिल्या कॅप बॅजवर कोरेगावचा स्तंभ होता, नंतर तो बदलून त्या जागी कट्यार आली. १९४६ ला ही मशीनगन रेजिमेंट झाली, सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे, आणि आता तिच्यात देशभरातून सगळ्या समाजांची मुलं भरती होतात. १९८७ ला श्रीलंकेत मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ते ८ महारचे, म्हणजे याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. आणि ज्या नावाच्या माणसांना लढता येत नाही असं ठरवलं होतं त्याच नावाच्या रेजिमेंटमध्ये कमिशन घेतलेले दोन अधिकारी, के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी, पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले.