जीवाणूंच्या पटल-लिपिडांतील वसाम्लांची निश्चिती

जीवाणूंच्या पटलांतील लिपिडांमध्ये एस्टर किंवा अमाइड बंधांनी जोडलेली वसाम्ले मोकळी करून त्यांची शृंखलालांबी, शाखा, द्विबंध, वलये व हायड्रॉक्सिल गट ठरविण्याची रासायनिक पद्धत. जेम्स व मार्टिन यांनी १९५२ मध्ये वायू-द्रव क्रोमॅटोग्राफीने (वायूबरोबर वाहणारे घटक द्रवाचा लेप असलेल्या स्तंभातून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडण्याच्या तंत्राने) बाष्पनशील वसाम्ले वेगळी केली. जीवाणूंच्या वर्गीकरणासाठी या तंत्राचा वापर साधारणतः १९६० च्या दशकात सुरू झाला.

लिपिडे क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांच्या मिश्रणाने काढतात किंवा संपूर्ण कोशिकांचेच साबणीकरण (अल्कलीने बंध तोडणे) करतात, आणि मोकळ्या वसाम्लांचे सहज बाष्प होणारे मिथिल एस्टर बनवितात. दुसऱ्या मार्गाने ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्यपटलातील लिपिड-ए (लिपोपॉलिसॅकॅराइडाचा लिपिड भाग) मधील ३-हायड्रॉक्सी आम्लेही नमुन्यात येतात. त्यामुळे मिळालेले प्रमाण केवळ फॉस्फोलिपिडांचे समजू नये.

खरी अडचण सायक्लोप्रोपेन (शृंखलेत तीन कार्बनांचे वलय असलेल्या) आम्लांची आहे. लॅक्टोबॅसिलसमध्ये हॉफमन व लुकास यांना १९५० मध्ये आढळलेल्या लॅक्टोबॅसिलिक आम्लात १९ कार्बन आहेत. त्याच्या मिथिल एस्टराचा रेणुभार, ३१०, तेवढ्याच कार्बनांच्या एक द्विबंधी आम्लाच्या एस्टराइतकाच असून दोहोंचे वस्तुमान-वर्णपटही (रेणूच्या तुकड्यांच्या वस्तुमानांचे आलेख) जवळजवळ सारखे असतात. सौम्य हायड्रोजनीकरणात द्विबंध नाहीसा होतो व वलय टिकते, तर डायमिथिल डायसल्फाइड द्विबंधाशीच संयोग पावून त्याचे स्थान दाखविते. तीव्र आम्लक्रियेत मात्र वलय उघडते, म्हणून अल्कधर्मी पद्धत अधिक ग्राह्य वाटते. परंतु तिच्या सौम्य रूपात अमाइडबद्ध हायड्रॉक्सी आम्ले सुटत नाहीत. म्हणूनच केवळ धारणकाळावरून (स्तंभातून बाहेर पडण्यास लागणाऱ्या वेळेवरून) केलेली ओळख तात्पुरती मानणे इष्ट.

बॅसिलस व स्टॅफिलोकॉकस या प्रजातींत विपुल असणाऱ्या आयसो व अँटीआयसो (अनुक्रमे शेवटून दुसऱ्या व तिसऱ्या कार्बनावर मिथिल शाखा असणाऱ्या) आम्लांचा रेणुभार तेवढ्याच कार्बनांच्या सरळ शृंखलेच्या आम्लाइतकाच असतो. अध्रुवीय स्तंभातून प्रथम आयसो, मग अँटीआयसो व शेवटी सरळ शृंखलेचे आम्ल बाहेर पडते. शाखेचे स्थान पिकोलिनिल एस्टरांच्या वर्णपटावरून ठरवितात.

वसाम्लांचे प्रमाण तापमान, माध्यम व वाढीची अवस्था यांनुसार बदलते. थंडीत वाढलेल्या एश्चेरिकिया कोलायमध्ये असंतृप्त आम्ले वाढतात, स्थिरावस्थेत (वाढ थांबल्यावर) सायक्लोप्रोपेन आम्ले. त्यामुळे वेगवेगळ्या परिस्थितींत वाढविलेल्या संवर्धांची आकडेवारी परस्परांशी ताडता येत नाही. मायकोबॅक्टेरियममधील ट्यूबर्क्युलोस्टिअरिक आम्ल, म्हणजे १०-मिथिल ऑक्टाडेकॅनॉइक आम्ल, हे विशेष सूचक समजले जाते. आर्किया या जीवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीव-गटाच्या पटल-लिपिडांत वसाम्लांऐवजी ईथर बंधांनी जोडलेल्या आयसोप्रिनॉइड शृंखला असल्याने ही पद्धत तेथे लागू पडत नाही.