मैदानाला आलेली पायरी

तैवानमधल्या ताइचुंगजवळ वूफेंगला ग्वांगफू माध्यमिक शाळा होती. २१ सप्टेंबर १९९९ च्या रात्री १ वाजून ४७ मिनिटांनी तिच्या मैदानातला धावण्याचा ट्रॅक मधोमध फाटला आणि त्याची एक बाजू सुमारे अडीच मीटर वर उचलली गेली. मोठ्या माणसालाही पलीकडचं दिसू नये एवढी उंच पायरी! मैदान पुन्हा सपाट न करता तैवानने ते तसंच राखलं आणि तिथे २००४ साली '९२१ भूकंप संग्रहालय' उघडलं. ९२१ म्हणजे नववा महिना, तारीख २१.

जमीन किती हलली हे सांगायचं तर ती आधी कशी होती ते ठाऊक हवं. शेतातला किंवा डोंगरउतारावरचा उंचवटा जुना की कालचा, हे ठरवताना भूवैज्ञानिकांची दमछाक होते. ट्रॅक मात्र मुळातच सपाट आणि मापात आखलेला. त्यामुळे इथे शंकेला जागाच उरली नाही. असा उंचवटा उघड्यावर राहिला तर पावसाने झिजतो, म्हणून त्याचा काही भाग छताखाली घेतला आहे.

फिलिपाइन समुद्राची भूपट्टी, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा, वर्षाला साधारण ८ सेंटिमीटर सरकत युरेशियन भूपट्टीला रेटते. तैवान या दोघींच्या कचाट्यात सापडलेलं बेट. साठत गेलेला ताण त्या रात्री चेलुंगपू भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या एका लांबलचक भेगेवर, मोकळा झाला. हा भ्रंश पूर्वेकडे तिरपा खोल जातो, त्यामुळे पूर्वेचा खडक पश्चिमेच्या खडकावर चढला. जवळपास १०० किलोमीटर लांबीत जमीन फाटली, उत्तरेकडे शिगांग धरणही मोडलं. सुमारे २,४०० माणसं गेली. शाळा तेवढी रिकामी होती.

किल्लारीचा १९९३ चा भूकंपही याच जातीचा, एक खडक दुसऱ्यावर चढण्याचा. तिथल्या शेतांत जमीन मीटरभरसुद्धा उचलली गेली नव्हती, तरी दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं झोपेतच गेली. जीव घेतला तो घरांनी.

म्हणूनच मला विचाराल तर, या संग्रहालयात भूकंपाचे खोटे हादरे अनुभवण्यासाठी रांग लावण्याआधी कोसळलेले वर्ग नीट बघावेत. तैवानच्या जुन्या शाळांमध्ये वर्गावर्गांमधल्या भिंती व्हरांड्याला काटकोनात असत. त्या दिशेने इमारत भक्कम. व्हरांड्याच्या लांबीच्या दिशेने मात्र दारं-खिडक्याच, भार सगळा खांबांवर. त्यात खिडकीखालची अर्धी वीटभिंत खांबाला दोन्ही बाजूंनी जखडून ठेवी. मग हलायला खांबाचा वरचा आखूड तुकडाच उरे. आखूड खांब लवत नाही, तो ताठ राहून जास्त बल ओढून घेतो आणि तिरक्या भेगा पडून फुटतो.

पुढे तैवानने बांधकामाचे नियम कडक केले आणि देशभरच्या जुन्या शाळा मजबूत करायला घेतल्या. कुठे खांबांना काँक्रीटचं जाड वेष्टण चढवलं, कुठे खांबाला लागून व्हरांड्याच्याच दिशेने आखूड भिंती बांधल्या.