लाखो मतं पडली म्हणून तो देशाचा कौल ठरत नाही

लोकांत सरळ दोन तट पाडणारा नेता देशाच्या सर्वोच्च पदावर नव्याने बसला, की निपाणीपासून खानापूरपर्यंत ग्रुपवर त्याच्या लोकप्रियतेबद्दल एक मेसेज फिरतो: ‘ऑनलाइन पोलमध्ये लाखोंनी मत दिलं, तोच खरा, हजार जणांचा सर्व्हे खोटा.’

पटण्यासारखंच आहे, लाख हजारापेक्षा मोठे. पण आधी बघायचं ते माणसं कशी निवडली. पोलची लिंक ज्या ग्रुपवर जाते तिथलेच लोक मत देतात. चिडलेले आणि भारावलेले सगळ्यांत पुढे. फक्त बेळगावच्या गणपत गल्लीत विचारून गोकाक-अथणीचं मन कसं कळेल? उलट देशभरातून चिठ्ठ्या काढल्यासारखी 1000 माणसं निवडली, तर खऱ्या आकड्यापासूनचा फरक बहुतेक वेळा सुमारे 3 टक्क्यांच्या आत राहतो. देश लहान की मोठा, याने त्यात फारसं बिघडत नाही.

1936 साली अमेरिकेत एका साप्ताहिकाकडे 20 लाखांहून जास्त मतपत्रिका भरून आल्या. अंदाज निघाला, राष्ट्राध्यक्ष हरणार. ते 48 पैकी 46 राज्यांत जिंकले! मतपत्रिका ज्या पत्त्यांवर पाठवल्या, ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतले होते. मंदीत होरपळलेला गरीब मतदार त्यांत फारसा नव्हताच.

म्हणून आकडा आला की विचारा: कुणाला, कधी, कोणत्या शब्दांत विचारलं? नव्या नेत्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत मत झपाट्याने बदलू शकतं, तेव्हा तारीख हवीच. आणि आपल्या सीमाभागाचा आकडा असेल, तर प्रश्न मराठी आणि कन्नड दोन्हींत विचारला होता का, हेही बघा.