विवाह व घटस्फोट, ख्रिस्ती : बायबलची शिकवण आणि ग्रामीण विदर्भ

एक पुरुष आणि एक स्त्री यांनी देवासमोर व साक्षीदारांदेखत जन्मभरासाठी बांधलेली गाठ म्हणजे विवाह, आणि ती सोडणे देवाच्या मूळ योजनेत नाही, ही या विषयावरील बायबलची मध्यवर्ती शिकवण. ही गाठ कोणत्या परिस्थितीत सुटली असे धरावे आणि सुटल्यावर दुसरे लग्न करता येते काय, याविषयी मात्र ख्रिस्ती पंथांत आरंभीच्या शतकांपासून एकमत नाही. विदर्भात हा मतभेद कधी एकाच तालुक्यात शेजारी-शेजारी नांदतो. हळद, मांडव, मंगळसूत्रातला क्रूस वगैरे लग्नाच्या चालीरीती वाचकांच्या परिचयाच्या असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

जुना करार : पाया उत्पत्ती 2:24 या वचनाचा. पुरुष आईबापांस सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील व ती दोघे एकदेह होतील, असे त्यात म्हटले आहे. घटस्फोटाचा प्रत्यक्ष नियम अनुवाद (मोशेच्या नियमशास्त्राचे पाचवे पुस्तक) 24:1–4 मध्ये येतो. तो वाचताना नेहमी एक घोटाळा होतो. या उताऱ्यात बायको सोडण्याची आज्ञा नाही, परवानगीसुद्धा थेट दिलेली नाही. लोक बायको सोडतात हे गृहीत धरून, सोडलेल्या स्त्रीने दुसरा नवरा केला असेल तर पहिल्याने तिला पुन्हा घरात घेऊ नये, एवढेच तेथे बजावले आहे. सूटपत्राचा उल्लेख ओघात येतो. तरी त्या उल्लेखाचे मोल मोठे आहे. तोंडाने ‘जा’ म्हणून हाकलणे आणि हातात लेखी कागद देणे यांत स्त्रीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर होते. कागद नसेल तर ती ना नांदती, ना मोकळी.

अशा कागदाचा एक अस्सल नमुना मृत समुद्राजवळील वादी मुरब्बातच्या गुहांत सापडला. अरेमाइक भाषेतील या पपायरसवर ‘सहाव्या वर्षी, मसादा येथे’ अशी मिती आहे. हे सहावे वर्ष रोमविरुद्धच्या पहिल्या बंडाचे धरले तर कागद इ. स. 71 च्या आसपासचा ठरतो. रोमनांच्या अरबस्तान प्रांताच्या स्थापनेपासून मोजले तर 111 चा. मसादा हा त्या बंडखोरांचा किल्ला, हे पाहता पहिले मत अधिक सरळ वाटते. योसेफ नावाचा नवरा मिर्याम नावाच्या बायकोला लिहून देतो, की तू आता आपल्या मर्जीने जाऊन कोणाही यहुदी पुरुषाची बायको होण्यास मोकळी आहेस. आणि हा कागद बदलून मागशील तेव्हा मी तो बदलून देईन. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातही सूटपत्राचा गाभा म्हणजे पुनर्विवाहाची ही मोकळीक, असेच सांगितले आहे.

मलाखी 2:16 मधील ‘देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे’ हे वाक्य प्रवचनांत हमखास येते. त्याचा हिब्रू पाठ मात्र अवघड आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथे सापडलेल्या बारा संदेष्ट्यांच्या गुंडाळीत आणि ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत त्याचे वाचन जवळजवळ उलटे, म्हणजे ‘द्वेष करत असशील तर सोडून दे’ असे पडते. त्यामुळे सिद्धांताचा सगळा भार या एका ओळीवर टाकणे धोक्याचे. दोन वचने आधीचा, तारुण्यातील पत्नीशी केलेल्या बेइमानीचा आरोप मात्र सर्व पाठांत स्पष्ट आहे.

नवा करार : येशूच्या काळी शम्मय व हिल्लेल या दोन यहुदी गुरूंच्या शाळांत अनुवाद 24:1 वरून वाद होता. शम्मयपंथी म्हणत, बायकोच्या हातून निर्लज्जपणाचे कृत्य घडले तरच तिला सोडावे. हिल्लेलपंथी म्हणत, तिने स्वयंपाक बिघडवला तरी पुरे. मत्तय 19:3 मधला परूश्यांचा (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा) ‘कोणत्याही कारणावरून’ बायको टाकणे योग्य आहे काय, हा प्रश्न या वादाच्या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. येशू दोन्ही शाळांना बगल देऊन थेट उत्पत्तीकडे जातो. देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये. मोशेची मुभा होती ती तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे.

पुढचा पेच अपवादाचा. मार्क 10:11–12 व लूक 16:18 येथे बायको टाकून दुसरी करणारा व्यभिचार करतो, असे विनाअट विधान आहे. मत्तय 5:32 व 19:9 मध्ये मात्र ‘जारकर्माचे कारण’ वगळले आहे. यांतले मूळचे कोणते? प्रेषित पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र (इ. स. 53–55 च्या सुमारास) शुभवर्तमानांहून जुने, आणि त्यातही (7:10–11) प्रभूची आज्ञा म्हणून विनाअट रूपच येते. त्यामुळे अपवादाचे शब्द मत्तयाने किंवा त्याच्या मंडळीने खुलाशादाखल घातले असावेत, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. व्यभिचार घडल्यावर विवाह मोडतो हे त्या काळी सर्वांना इतके मान्य होते की मार्काला ते लिहावेसे वाटले नाही, असा दुसरा पक्ष आहे. पुराव्याच्या जुनेपणाचा विचार करता पहिला पक्ष बळकट दिसतो.

मूळ ग्रीक शब्द पोर्नेइया याच्या अर्थावरही तीन मते आहेत : पत्नीचा व्यभिचार (बहुतेक प्रॉटेस्टंट), वाङ्‌निश्चयाच्या काळातील अनाचार (योसेफ मरीयेला गुपचूप सोडू पाहत होता तो संदर्भ, मत्तय 1:19) आणि जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात निषिद्ध ठरवलेल्या नात्यांतील लग्न. हे तिसरे मत विसाव्या शतकात अनेक कॅथलिक अभ्यासकांनी मांडले. मामेबहिणीशी लग्न हे लेवीयाच्या यादीत बसत नाही. मात्र कॅथलिक धर्मविधीनुसार सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांचा विवाह हा अडथळा असून त्यासाठी बिशपची सूट लागते. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क मानणाऱ्या गोंड व इतर कुटुंबांतून आलेल्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

मार्क 10:12 मध्ये स्त्रीने नवऱ्याला टाकण्याचीही शक्यता धरली आहे. यहुदी रिवाजात सूटपत्र देणे हे पुरुषाचे काम होते, रोमन कायद्यात स्त्रीलाही ते करता येई. म्हणून हे वचन मार्कच्या बिगरयहुदी वाचकांसाठी असावे, असा तर्क केला जातो.

पौलाचे वचन व विदर्भ : विदर्भाच्या खेड्यांत ज्या वचनावर खरोखर बैठका होतात ते मत्तयाचे नव्हे, तर करिंथकरांस पहिले पत्र 7:12–16 हे आहे. नवराबायकोंपैकी एकच विश्वास ठेवणारा झाला तर काय, हा त्याचा विषय. पौलाचे उत्तर दुहेरी आहे. दुसरा जोडीदार नांदायला राजी असेल तर विश्वासी माणसाने त्याला सोडू नये. तो स्वतःहून निघून गेला तर जाऊ द्यावे, अशा प्रसंगी विश्वासी भाऊ किंवा बहीण ‘बंधनात नाही’. या दोन शब्दांत फक्त वेगळे राहण्याची मोकळीक आहे की पुनर्विवाहाचीही, यावर वाद आहे. कॅथलिक चर्च दोघेही लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा न झालेले असतील आणि नंतर एकाचा झाला असेल, तर पुनर्विवाहाला वाव देते. याला पौलीय विशेषाधिकार म्हणतात. सुधारणावादी (कॅल्विनच्या शिकवणीतून आलेल्या प्रॉटेस्टंट) परंपरेत याच वचनावरून ‘जाणूनबुजून केलेला त्याग’ हे घटस्फोटाचे कारण ठरले. या परंपरेच्या 1646 च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत व्यभिचार व असा त्याग ही दोनच कारणे आहेत.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरास आले ते याच परंपरेतून. स्कॉटलंडमध्ये चार वर्षांच्या त्यागावरून घटस्फोट 1573 पासून मिळत असे. भारतात मात्र 1869 चा घटस्फोट कायदा इंग्लंडच्या 1857 च्या कायद्याच्या धर्तीवर झाला, आणि त्यात नुसत्या त्यागावरून बायकोला घटस्फोट मिळत नसे. म्हणजे नागपूर भागातील स्कॉटिश मिशनची शिकवण तेथे लागू असलेल्या कायद्याहून या एका मुद्द्यावर स्त्रीला अधिक अनुकूल होती. ही विसंगती अभ्यासकांनी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

धर्मांतरामुळे टाकल्या गेलेल्या जोडीदारासाठी 1866 चा स्वतंत्र कायदा होता. सहा महिने सलग त्याग झाला असेल तर ख्रिस्ती झालेल्या जोडीदाराला न्यायालयात जाता येई. न्यायाधीश प्रकरण वर्षभर पुढे ढकलून दोघांना विचाराला वेळ देत. पौलाच्या वचनाचे कायद्यात इतके सरळ रूपांतर क्वचितच झाले असेल. उलट बाजूने, 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात (तो बौद्धांनाही लागू आहे) जोडीदाराने धर्मांतर केले हे दुसऱ्यासाठी घटस्फोटाचे कारण आहे. ‘बाई चर्चला जायला लागली’ म्हणून तिला माहेरी बसवतात, तेव्हा पौलाचे वचन आणि हा कायदा दोन्ही एकाच घरात समोरासमोर येतात. असे कुटुंब फुटू नये आणि जोडीदार परत यावा म्हणून थांबण्याचे उदाहरण नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांचे दिले जाते. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली काही वर्षे ताटातुटीत गेली, पण विवाह जुनाच राहिला.

याच अध्यायातील 7:10–11 चा आधार घेऊन मार खाणाऱ्या बाईला परत धाडण्याचा प्रकार खेड्यांत होतो. तो वचनाला धरून नाही. वेगळी राहिलेली स्त्री 7:11 स्वतःच गृहीत धरते, आणि 7:15 मध्ये देवाने आपल्याला शांतीत राहण्यासाठी बोलावले आहे, असे पौल म्हणतो.

एकाहून अधिक बायका असलेला पुरुष विश्वासात आला तर काय, हा प्रश्न मेळघाटातील कोरकू व पूर्व विदर्भातील गोंड वस्त्यांत मिशनरींपुढे होता. 1888 च्या लॅम्बेथ परिषदेने (अँग्लिकन बिशपांच्या सभेने) अशा पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये असे ठरवले. त्याच्या बायकांना मात्र काही परिस्थितीत तो देता येईल असे म्हटले. 1988 मध्ये हे धोरण सैल झाले. कॅथलिक विधिसंहितेत (1983) पहिल्या बायकोसोबत राहणे कठीण असल्यास दुसरी एक ठेवण्याची सोय आहे, आणि सोडलेल्या बायकांच्या पोटापाण्याची व्यवस्था झाली आहे हे पाहण्याची जबाबदारी बिशपवर टाकली आहे. या शेवटच्या अटीकडे पंचांचे लक्ष क्वचितच जाते, ही खेदाची बाब आहे.

पंथ व कायदा : कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत 1887 चा, अमरावतीचा 1955 चा, चांदा भागात सिरो-मलबार (केरळातील पौर्वात्य परंपरेच्या कॅथलिकांचा) धर्मप्रांत आहे (1977). शारीरिक संबंधाने पूर्ण झालेला दोन बाप्तिस्मा झालेल्यांचा विवाह मरणाखेरीज कशानेही सुटत नाही, ही शिकवण तिघांचीही. फरक विधीत आहे : लॅटिन परंपरेत वधूवर एकमेकांना संस्कार देतात, तर पौर्वात्य परंपरेत धर्मगुरूच्या आशीर्वादावाचून विवाह वैध होत नाही. प्रॉटेस्टंट बाजूला, 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, यवतमाळचे फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमचे नाझरीन आणि वऱ्हाडातील अलायन्स मंडळ्या अपवाद मान्य करतात; पण पुनर्विवाह लावताना पाळक निर्दोष पक्ष कोणता, हे विचारतात.

चर्चने विवाह रद्दबातल ठरवला तरी दिवाणी कायद्याने तो कायम राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केले. मुद्रांक कागदावर पंचांसमक्ष लिहिलेल्या फारकतीचेही तेच. तिच्या भरवशावर पाट लावला तर तो ख्रिस्ती कायद्याने अवैध ठरतो, आणि सोसावे लागते ते दुसऱ्या घरात गेलेल्या बाईला व तिच्या लेकरांना. 1869 च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग वगैरेही सिद्ध करावे लागे. हा भेदभाव केरळ उच्च न्यायालयाने 1995 मध्ये व मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये घटनाबाह्य ठरवला. 2001 च्या दुरुस्तीने क्रूरता व दोन वर्षांचा त्याग ही स्वतंत्र कारणे दोघांनाही मिळाली, परस्परसंमतीचा घटस्फोट आला आणि जिल्हा न्यायालयाच्या निकालाला उच्च न्यायालयाची पुष्टी लागण्याची अट गेली. कुष्ठरोग हे कारण 2019 मध्ये वगळण्यात आले. अचलपूरजवळ कोठारा येथे कुष्ठरुग्णांसाठी मिशनचे रुग्णालय चालत आलेल्या या प्रदेशात ही दुरुस्ती फार पूर्वी व्हायला हवी होती.

विधवेच्या बाबतीत पंथांत वाद नाही. नवरा मेल्यावर ती आपल्या इच्छेने लग्न करण्यास मोकळी आहे, मात्र ते ‘प्रभूमध्ये’ असावे (1 करिंथ 7:39). तरुण विधवांनी लग्न करावे असा सल्ला 1 तीमथ्य 5:14 मध्येही आहे. असा विवाह पहिल्या विवाहाप्रमाणेच 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लावून नोंदवहीत उतरवावा लागतो.