जांभळं की गुलाबी?

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिली ग्रॅम स्लाइड मी दह्याची करायला लावते. ग्रॅम म्हणजे जिवाणू रंगवून ते जांभळे राहतात की गुलाबी होतात हे पाहायची पद्धत. कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध, त्याला घरचं विरजण, रात्रभरात लागलेलं दही. त्यातलं टाचणीच्या डोक्याएवढं दही थेंबभर पाण्यात कालवून काचेवर पसरायचं, वाळवायचं, काच ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायची. मग क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग एक मिनिट, आयोडीन एक मिनिट. इथवर कुणाचं चुकत नाही. पुढचं अल्कोहोल मात्र काही सेकंदांचं काम. निथळणारा जांभळा रंग थांबला की लगेच पाणी ओतायचं. हात रेंगाळला तर टिकायचा तो रंगही धुऊन जातो. शेवटी सॅफ्रानिन हा गुलाबी रंग.

ऑइल इमर्शनच्या, म्हणजे तेलाच्या थेंबातून पाहायच्या भिंगाखाली जांभळ्या काड्या आणि जांभळ्या मण्यांच्या माळा दिसतात. काड्या म्हणजे लॅक्टोबॅसिलस, माळा म्हणजे दूध आंबवणारे कॉकाय, गोल जिवाणू. शेजारच्या काचेवर पंचगंगेच्या पाण्यातून वाढवलेला ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू असतो. त्याच्या काड्या गुलाबी. रंग तेच, वेळ तीच. फरक जिवाणूच्या भिंतीत आहे.

ही भिंत पेप्टिडोग्लायकनची. सुंभानं विणलेली बाज डोळ्यांपुढे आणा. साखरेच्या रेणूंचे लांब धागे एका दिशेनं आणि त्यांना जागोजागी बांधणाऱ्या प्रथिनांच्या छोट्या गाठी आडव्या. जांभळ्या राहणाऱ्या, म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूत या विणीचे थरावर थर असतात, 20 ते 80 नॅनोमीटर जाडीचे. अल्कोहोलनं ही वीण आक्रसते आणि आयोडीनशी जखडलेला जांभळा रंग आतच अडकतो. गुलाबी होणाऱ्या, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूत वीण अगदी पातळ, आणि तिच्यावर चरबीयुक्त बाह्य पटल. अल्कोहोल ते पटल विरघळवतं, पातळ विणीला रंग धरवत नाही, मग सॅफ्रानिनचा गुलाबी चढतो.

आतली रचना लवकर सांगून होते: केंद्रक नाही, डीएनएचं वेटोळं उघडंच, प्रथिनं बनवणारे 70 एस रायबोसोम. पुस्तकं वर्गीकरणाची सुरुवात आकारापासून करतात, गोल कॉकस, काडीसारखा बॅसिलस, स्वल्पविरामासारखा व्हिब्रिओ. ते पाठ करायला सोपं आहे, पण माझ्या मते आधी भिंत समजून घ्यावी, कारण औषध तिच्यावरून ठरतं. पेनिसिलिन विणीतल्या गाठी मारू देत नाही. आतल्या दाबापुढे ढिली भिंत टिकत नाही आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून त्या वाचतात. मायकोप्लाझ्मा या जिवाणूलाही भिंत नसते, त्यामुळे त्याच्यावर पेनिसिलिन चालत नाही. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाचा रेणू मोठा, तो ग्रॅम निगेटिव्हच्या बाह्य पटलातून आत शिरत नाही. त्याच पटलातलं लिपोपॉलिसॅकराइड रक्तात उतरलं की ताप चढतो आणि रक्तदाब ढासळतो. क्षयाच्या जिवाणूची भिंत मेणचट मायकोलिक आम्लाची. तिथे ग्रॅमचा रंग नीट बसतच नाही, झील-नील्सन ही रंगवायची वेगळी पद्धत वापरावी लागते.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम हा डेन्मार्कचा डॉक्टर. बर्लिनमध्ये न्यूमोनियानं दगावलेल्यांच्या फुफ्फुसात जिवाणू वेगळे उठून दिसावेत, एवढंच त्याला हवं होतं. 1884 साली त्यानं पद्धत छापली आणि ती अजून अपुरी आहे हेही त्याच लेखात लिहिलं. भिंतीचा उलगडा व्हायला पुढची कित्येक दशकं जावी लागली. आपली पद्धत अपुरी असल्याचं असं स्वच्छ लिहिणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

रात्री मेंदूज्वराचा रुग्ण येतो, पाठीतलं पाणी प्रयोगशाळेत पोचतं. कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहायला, एक-दोन दिवस लागतात, ग्रॅमला दहा-पंधरा मिनिटं. जोडीजोडीनं बसलेले, टोकाकडे निमुळते जांभळे कॉकाय दिसले तर न्यूमोकॉकसचा संशय. पू-पेशींच्या पोटात घेवड्याच्या दाण्यांसारख्या गुलाबी जोड्या दिसल्या तर मेनिंगोकॉकसचा. तसा निरोप लगेच वॉर्डात फोनवर जातो, आणि कागद मागाहून.