कुत्र्याची जात आणि त्याचे चावणे : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

कोथरूडच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात येणारे ग्राहक बहुधा पहिल्यांदा हेच विचारतात, की कोणत्या जातीचा कुत्रा चावत नाही. अशी जात नाही, आणि हमखास चावणारी जातही नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पालकांनी दिलेली माहिती आणि २ हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासल्यावर, कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे असल्याचे आढळले.

डोबरमनचा मेंदू वाढत जाऊन कवटीत मावेनासा होतो आणि मग तो मालकावरच उलटतो, ही गोष्ट आम्हाला आजही ऐकवली जाते. ती निखालस खोटी आहे. पिटबुलचा जबडा चावताना ‘लॉक’ होतो, हेही खरे नाही. मात्र ताकदवान कुत्र्याने चावल्यास होणारी इजा पॉमेरेनियनच्या चाव्यापेक्षा कितीतरी गंभीर असते, म्हणून तो पाळणाऱ्याची जबाबदारीही तेवढीच मोठी आहे.

रॉटवायलरवर बंदी आहे का, असेही विचारले जाते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जातींच्या विक्री आणि पैदाशीविरुद्ध काढलेले पत्रक कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी पुढच्याच महिन्यात रद्द केले. महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस मात्र प्रत्येक पाळीव कुत्र्याला, मग तो गावठी असो वा परदेशी, आवश्यक आहे.

स्वभाव घडण्याचा मोठा काळ म्हणजे पिल्लाचे साधारण तिसरे ते चौदावे आठवडे. या दिवसांत ज्याने लहान मुले, हेल्मेट घातलेली माणसे, लिफ्ट, रिक्षाचा आवाज यांतले काहीच अनुभवले नाही, ते पिल्लू पुढे त्यांना घाबरते, आणि चावण्यामागे बहुतेक वेळा भीतीच असते. दिवसभर गॅलरीत साखळीला बांधलेला किंवा कानदुखी, सांधेदुखी सोसणारा कुत्राही असाच अंगावर येतो. शांत कुत्रा अचानक चिडू लागल्यास आधी पशुवैद्यांना दाखवावे.

गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही मारू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. गुरगुरणे म्हणजे ‘माझ्यापासून लांब राहा’ हा त्याचा इशारा असतो, आणि मार खाऊन तो इशारा द्यायचा थांबला तरी त्याची भीती तशीच राहते, त्यामुळे पुढच्या वेळी तो थेट चावतो.

पहिल्या भेटीला येताना लसीकरणाचे पुस्तक आणि तो कोणावर, कुठे, कशामुळे गुरगुरला याची लेखी नोंद सोबत आणावी.