संसर्ग, दाह व वेदना यांवरील औषधे : रुग्णालयीन परिचर्या

जंतुसंसर्ग, दाह आणि वेदना यांवरील औषधे रुग्णाला देताना लागणारे परिचर्येचे ज्ञान व कृती. औषधशास्त्राच्या पुस्तकात प्रतिजैविके, दाहशामके आणि वेदनाशामके यांची प्रकरणे वेगळी असतात; वॉर्डात मात्र ती एकाच ट्रीटमेंट शीटवर येतात. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर एकाच रुग्णाला सकाळी आठ वाजता सेफ्ट्रायाक्झोन व जेंटामायसिन ही प्रतिजैविके, डायक्लोफेनॅक हे दाहशामक आणि पॅरासिटामॉल हे वेदनाशामक अशी चार औषधे लागलेली असू शकतात. लिहिणारे डॉक्टर दोन-तीन, देणारी परिचारिका एक. त्यामुळे ही औषधे एकमेकांना कुठे नडतात, हे सर्वांत आधी तिच्या लक्षात येऊ शकते.

ती सर्वांत जास्त नडतात मूत्रपिंडात. जेंटामायसिन मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशींत साठते, डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवते आणि तोंडाने काही न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात पाणी आधीच कमी असते. प्रौढ रुग्णाची लघवी ताशी दर किलो वजनामागे ०.५ मिलि.पेक्षा, म्हणजे ६० किलोच्या माणसात ३० मिलि.पेक्षा, सलग दोन तास कमी भरली, तर या दोन्ही औषधांचा पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे. मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन वाढायला एक-दोन दिवस लागतात. लघवीची पिशवी तेच त्याच दिवशी सांगते. जेंटामायसिनमुळे कानालाही इजा होते आणि ती बहुधा कायमची असते. कानात आवाज येतो का, चालताना तोल जातो का, हे विचारावे लागते. रुग्ण आपणहून क्वचितच सांगतो.

प्रतिजैविके : रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) पहिल्या डोसच्या आधी घ्यायचे असते. प्रौढांत प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि. रक्त लागते, दोन-तीन मिलि. घातले तर जंतू असूनही वाढ न दिसण्याची शक्यता बरीच. रक्तदाब कोसळलेल्या जंतुदोषाच्या रुग्णात मात्र कल्चरसाठी औषध अडवून ठेवू नये. तिथे पहिला डोस तासाभरात जायलाच हवा.

सेफ्ट्रायाक्झोनची १ ग्रॅमची व्हायल (औषधाची छोटी बाटली) शिरेतून देण्यासाठी १० मिलि. निर्जंतुक पाण्यात विरघळवून २ ते ४ मिनिटांत देतात. स्नायूत देताना दुखू नये म्हणून ती १ टक्का लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात विरघळवतात. हे मिश्रण शिरेत जाता कामा नये, म्हणून भरलेल्या सिरिंजवर तसे लिहून ठेवावे. रिंगर लॅक्टेट (आरएल) या सलाइनमध्ये कॅल्शियम असते आणि सेफ्ट्रायाक्झोनशी त्याचा साका बनतो. चालू आरएलच्या नळीतून हे औषध ढकलणे ही घाईच्या पाळीत होणारी नेहमीची चूक. प्रौढ रुग्णात नळी नॉर्मल सलाइनने आधी व नंतर धुवावी. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियम चालू असेल तर हे औषध देऊच नये. जेंटामायसिन आणि पेनिसिलिन गटातील औषध एका सिरिंजमध्ये ओढले तर जेंटामायसिन निकामी होते. डोळ्यांना काही दिसत नाही, डोस मात्र वाया गेलेला असतो.

व्हँकोमायसिनमध्ये सारा प्रश्न वेगाचा आहे. १ ग्रॅम औषध किमान २०० मिलि. द्रवात मिसळून किमान १०० मिनिटांत द्यावे. मिनिटाला १० मिग्रॅ. ही कमाल मर्यादा. वेग वाढला की पेशींतून हिस्टामीन सुटते, चेहरा, मान व छाती लाल होते, खाज सुटते, कधी रक्तदाब उतरतो. ही खरी ॲलर्जी नसते. ड्रिप थांबवून, डॉक्टरांना कळवून, लक्षणे ओसरल्यावर निम्म्या वेगाने ती पुन्हा चालू करता येते. केस पेपरवर ‘व्हँकोमायसिनची ॲलर्जी’ असे लिहून ठेवले, तर पुढे गरज पडेल तेव्हा रुग्णाला एक उपयुक्त औषध नाकारले जाते.

पेनिसिलिनचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये पिंपरी येथे स्थापन झाली, ती प्रामुख्याने पेनिसिलिन देशात बनवण्यासाठी. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून बेंझाथीन पेनिसिलिन आजही दर तीन ते चार आठवड्यांनी देतात; प्रौढांना १२ लाख युनिट. हे इंजेक्शन खोल स्नायूतच द्यायचे. शिरेत गेल्यास हृदय बंद पडू शकते. द्रव दाट असतो, सुईत बसतो. म्हणून २१ किंवा त्याहून जाड गेजची सुई घ्यावी, व्हायल नीट हलवावी, ओढल्याबरोबर टोचावे आणि न थांबता सावकाश ढकलावे. मध्ये थांबले की सुई तुंबते आणि मुलाला दुसऱ्यांदा टोचावे लागते.

ॲलर्जी आहे का हे पाहण्यासाठी आधी थोडेसे औषध, म्हणजे टेस्ट डोस, देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. चाचणीत काही आले नाही, तरी पूर्ण डोसला तीव्र ॲलर्जी येऊ शकते. म्हणून पहिल्या डोसनंतर निदान काही मिनिटे रुग्णाजवळ थांबावे. अंगावर गांधी, घरघर, घसा आवळणे, रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसताच औषध थांबवावे, शिरेतील नळी (कॅन्युला) मात्र काढू नये. १:१००० ॲड्रेनालिन ०.५ मिलि. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यावे. उतार नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. आधी हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) आणि एव्हिल (ॲलर्जीचे औषध) देऊन वाट पाहत बसणे ही घातक सवय आहे. ती औषधे सावकाश काम करतात आणि बंद होणारा श्वासमार्ग उघडत नाहीत.

दाहशामके : डायक्लोफेनॅकचे ७५ मिग्रॅ.चे इंजेक्शन नितंबाच्या वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशात खोल द्यावे. चरबीत राहिले तर गळू होते, कधी त्वचा काळी पडून झडते. दिवसाची मर्यादा १५० मिग्रॅ.; इंजेक्शन दोन दिवसांपेक्षा जास्त चालवू नये. पोटातील व्रण, मूत्रपिंडविकार, हृदयविकार, दमा आणि गर्भारपणाचे शेवटचे महिने यांत आधी विचारून घ्यावे. पावसाळ्यात तापाने आलेल्या रुग्णाला डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत हे औषध टाळतात, कारण ते रक्तस्रावाचा धोका वाढवते.

स्टेरॉइड दाह उत्तम शमवतात, पण ताप आणि पोटाचा कडकपणाही दडवतात. आत पू झालेला रुग्ण तक्त्यावर बरा दिसू शकतो. अशा वेळी नाडी आणि श्वासाचा वेग अधिक खरे बोलतात. रक्तातील साखर मधुमेह नसलेल्यांचीही तपासावी. कोविडमध्ये ऑक्सिजनवरील रुग्णांना डेक्सामेथासोन दिवसाला ६ मिग्रॅ., जास्तीत जास्त १० दिवस, एवढेच सिद्ध झाले होते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या संसर्गाचे जे रुग्ण महाराष्ट्रात आले, त्यांच्यापैकी अनेकांत अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड यांची जोडी होती. डेक्सामेथासोन शिरेतून भराभर ढकलल्यास जननेंद्रियांच्या आसपास अचानक आग होते. रुग्ण लाजून बोलत नाही. आधी सांगून ठेवावे आणि सावकाश द्यावे. तीन आठवड्यांहून अधिक चाललेली प्रेडनिसोलोनची गोळी एकदम बंद करू नये.

वेदनाशामके : पॅरासिटामॉल निरुपद्रवी समजले जाते म्हणूनच चुकते. प्रौढांची २४ तासांची मर्यादा ४ ग्रॅम. सर्दीच्या आणि दुखण्याच्या अनेक संयुक्त गोळ्यांत ते असते, नातेवाईक उशाशी ठेवलेली गोळीही देतात. त्यामुळे हिशेब सगळीकडून धरावा. मुलांमध्ये गोंधळ बाटलीचा होतो : सिरप ५ मिलि.त १२५ किंवा २५० मिग्रॅ., तर ड्रॉप्स १ मिलि.त १०० मिग्रॅ. ‘पाच मिलि. द्या’ असे ऐकून ड्रॉप्स दिले तर ५०० मिग्रॅ. पोटात जातात. डोस वजनावर, १५ मिग्रॅ. दर किलो, आणि सूचना मिग्रॅ.मध्येच घ्यावी. शिरेतील १०० मिलि.च्या बाटलीतील १ ग्रॅम १५ मिनिटांत जाते. ५० किलोखालच्या रुग्णाला पूर्ण बाटली लावू नये. प्रत्येक डोसआधी ताप मोजून लिहावा, नाहीतर तक्ता सपाट दिसतो आणि प्रतिजैविक लागू पडले असा गैरसमज होतो.

मॉर्फिनच्या अँप्यूलवर १० की १५ मिग्रॅ. हे दोघींनी वाचावे. १ मिलि.त १ मिग्रॅ. होईल असे सलाइन मिसळून एक-दोन मिग्रॅ. देत जावे आणि प्रत्येक वेळी काही मिनिटे थांबून वेदना ० ते १० मध्ये विचारावी. श्वास मंदावण्याआधी रुग्ण गुंगतो; हाक मारूनही पुन्हा डोळे मिटत असेल तर श्वास मिनिटाला बारा असला तरी पुढचा डोस थांबवावा. श्वास आठच्या खाली गेल्यास ऑक्सिजन लावून, डॉक्टरांना बोलावून, त्यांच्या सूचनेनुसार मॉर्फिनचा उतारा असलेले नॅलॉक्सोन ०.४ मिग्रॅ. सलाइनने १० मिलि. करून एकेक मिलि. देतात. एकदम सगळे दिले तर वेदना उसळून येते. नॅलॉक्सोनचा परिणाम तासाभरात ओसरतो, मॉर्फिनचा त्यानंतरही राहतो. म्हणून जागा झालेल्या रुग्णावर पुढचे काही तास नजर ठेवावी लागते. बद्धकोष्ठता बहुतेकांना होतेच, त्यामुळे सलग मॉर्फिन चालणार असेल तर रेचक पहिल्या दिवसापासून लागते.

मॉर्फिन १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येते. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापरासाठीची परवान्यांची गुंतागुंत कमी केली. औषध कुलुपात राहते. अँप्यूलमधले उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकून दोन सह्या घेतात आणि पाळी बदलताना शिल्लक अँप्यूल नोंदवहीशी मोजून ताब्यात देतात.